हवेत चालणारी कात्री

न्हाव्याची कात्री केस कापताना जेवढी वाजते, त्याहून जास्त ती कापत नसताना वाजते. खोटं वाटत असेल तर पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा कान देऊन ऐका. कंगवा एक बट उचलतो, कात्री ती छाटते, आणि कंगवा पुढच्या बटेकडे जाईपर्यंत कात्री रिकाम्या हवेतच कचकच करत राहते. हात थांबला की लय तुटते, असं आमचे भावोजी म्हणतात. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि आम्ही तिघं मिळून चालवतो त्या सलूनचे मालक. त्यांचा हात दुकान बंद झाल्यावरही थांबत नाही. जेवून उठल्यावर, टीव्ही बघताना, कुणाशी बोलत उभे असताना त्यांचा अंगठा आणि बोटं आपली हवेत कापत असतात. एकदा डॉक्टरांनी काळजीने विचारलं, "हे असं कधीपासून होतंय?" ताई म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून. मी बघून घेतलं होतं."

सलूनचा पुढचा भाग भावोजींचा. तिथे पुरुषांची गर्दी, रेडिओ, राजकारण आणि कात्री. मधे पडदा, आणि पडद्यामागे ताई बायकांचे केस रंगवते. मी गल्ल्यावर बसते, केस धुऊन देते, आणि ज्यांना नंबर मोडून आत शिरायचं असतं त्यांच्याशी भांडते. हे शेवटचं काम मी आवडीने करते.

ताईच्या कामाबद्दल एक सांगितलं पाहिजे, कारण त्याच्याशी पुढे गाठ आहे. रंग फासायला काय, कुणीही फासेल. तो धुवायचा कधी हे कळणं म्हणजे खरं काम. लवकर धुतला तर धरत नाही, उशीर झाला तर बाई काळीकुट्ट होऊन घरी जाते. ताई घड्याळाकडे बघत नाही. अधूनमधून एक बट उचलते, उजेडात धरते, परत ठेवते आणि खुर्चीवर शांत बसते. बाईचा जीव टांगणीला लागलेला असतो. "झालं का हो?" ती विचारते. ताई म्हणते, "नाही." थोड्या वेळाने पुन्हा, "आता?" "नाही." आणि मग कुणी काही विचारायच्या आत ती उठते आणि म्हणते, "चला." आजवर एकही बाई तक्रार घेऊन परत आलेली नाही. मी ताईच्या जागी असते तर निम्म्या गावाचे केस हिरवे झाले असते.

भावोजींना वेड एकच, फ्लाय फिशिंगचं. मला मासे आवडत नाहीत, त्यांचा वास तर त्याहून नाही, पण एका घरात राहून जेवढं कानावर पडतं तेवढं सांगते. साध्या गळाला गांडूळ लावतात, शिशाचं वजन बांधतात आणि देतात भिरकावून. इथे तसं नाही. इथे गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी बांधायची. तिला वजनच नसतं, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची ती दोरी. काठीने दोरी आधी मागे उडवायची, ती मागच्या मागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मग पुढे आणायची. दोरी उलगडत जाते आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरते. माशाला वाटतं खरीच माशी, आणि तो फसतो. सगळी मेख त्या थांबण्यात आहे. मागे थांबला नाहीत तर दोरी सरळ होत नाही, आणि न सरळ झालेली दोरी पुढे ओढलीत तर ती तुमच्याच डोक्यावर येऊन पडते.

ज्या माणसाचा हात आयुष्यात कधी हवेत थांबलेला नाही, त्याने नेमका हाच छंद का निवडावा हे मला कधी कळलं नाही. तरुणपणी त्यांनी खांद्याच्या ताकदीवर निभावून नेलं. चूक तेव्हाही होती, पण जोरात झाकली जायची.

माशा बांधण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नाही. लागणारं सामान आमच्या फरशीवर पडलेलंच असतं. झाडण्याआधी ते वाकून फरशीवर नजर फिरवतात आणि चिमटीने चार केस उचलून डबीत टाकतात. पोस्टमास्तरांच्या मिशीचे राठ पांढरे केस पाण्यावर छान तरंगतात, म्हणून त्या माशीचं नाव पोस्टमास्तर. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या तांबूस कुरळ्या केसांची माशी संध्याकाळच्या उन्हात चालते, तिचं नाव बँडवाला. गिऱ्हाइकांनाही याचा अभिमान आहे. खुर्चीत बसल्या बसल्या आरशातून विचारतात, "काय, या आठवड्यात माझ्यावर काही लागलं का?"

दुकानाच्या सुटीच्या दिवशी दोघं नवरा-बायको नदीवर जातात. गावाबाहेर नदीचे तुकडे पाडलेले आहेत आणि नदीमंडळ ते एकेका घराला देतं. जागा घराच्या नावावर असते, काठी धरणारा मात्र घरातला एकच, बाकीच्यांनी काठावर बसायचं. आमच्या वाट्याला वळणावरचा तुकडा आला आहे. तिथे पाण्यालगत एक मोठा सपाट दगड आहे. भावोजी गुडघाभर पाण्यात उभे राहतात आणि ताई त्या दगडावर विणकाम घेऊन बसते. निळा स्वेटर आहे. लेकीसाठी सुरू केला होता. लेक मोठी झाली, शिकली, परगावी नोकरीला लागली, आणि त्याची दुसरी बाही अजून व्हायची आहे. मी म्हणायचे, "ताई, तू तिथे विणतेस की झोपतेस?" ती नुसती हसायची.

दुकानात ही दोघं रेडिओच्या आवाजावरून भांडतात, घरी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून. त्या दगडापाशी कधी भांडत नाहीत. संध्याकाळी परत येतात तेव्हा दोघांचे चेहरे धुऊन वाळत घातल्यासारखे स्वच्छ दिसतात. मासा मिळो न मिळो, पुढचे सहा दिवस त्या एका दिवसावर चालतात. म्हणून ती जागा जायची वेळ आली तेव्हा ते मलाही परवडणारं नव्हतं.

झालं असं, की आधी भावोजींचा खांदा गेला. उभा जन्म हात उचलून धरायचं काम, खांदा तरी किती सोसणार. डॉक्टर म्हणाले, कात्री चालवा, पण हात कानाच्या वर न्यायचा नाही. दुकानात त्यांनी खुर्ची खाली करून घेतली आणि प्रश्न मिटवला. नदी थोडीच खाली करून मिळते. खांद्याचा जोर गेल्यावर इतकी वर्षं झाकलेली चूक उघडी पडली. दोरी मागे अर्धवट जायची, खाली पडायची, झुडपात अडकायची.

माणूस अशा वेळी स्वतःला बदलायच्या आधी सामान बदलतो. भावोजी गेले आणि नवी काठी घेऊन आले. आता हा माणूस कात्री घेताना कसा घेतो ते मी पाहिलेलं आहे. बोटात घालून बघतो, डोळे मिटून बघतो, अंगठा किती आत जातो, पाती कुठे घासतात, सगळं बघतो, आणि तरी म्हणतो, "उद्या परत येतो." पण काठीच्या दुकानदाराने "साहेब" म्हटलं. साहेब म्हटलं की आमचे भावोजी विरघळतात. "साहेब, ही घ्या, हिला फक्त धरायचं, फेकते ती आपणहून." काळीभोर, चकचकीत, भावोजींच्या दीडपट उंच आणि लोखंडी गजासारखी ताठ. दोरी न ओवता, दुकानाच्या आतच दोनदा हलवून बघितली आणि घेऊन आले. ताठ काठी वाकवायला ताकद लागते, आणि तीच तर संपलेली होती.

त्या काठीने पुढे काय केलं ते ऐका. नदीमंडळाचे सचिव हे आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांना केसांचा टोप आहे. होता, म्हणते. तो टोप पडद्यामागे बसवला जायचा, छाटला जायचा, आणि ही गोष्ट आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचं गुपित ही न्हाव्याची अब्रू असते, असं भावोजी मानतात. एके सकाळी सचिव मंडळातल्या दोघांना घेऊन नदीवर फेरी मारायला आले आणि भावोजींच्या मागे, जरा जवळच, उभे राहिले. भावोजींनी दोरी मागे उडवली. ती खाली गेली, तरी ते थांबले नाहीत, तशीच पुढे ओढली. माशीबरोबर टोपही आला. तो सगळ्यांच्या डोक्यावरून उडत जाऊन नदीच्या मधोमध पाण्यावर उतरला. ताई म्हणते, इतकी अलगद फेक त्यांना आयुष्यात जमली नव्हती. एक मासा तर वर येऊन बघूनही गेला.

भावोजी पाण्यात धावले. टोप दोन्ही हातांत धरून, पाणी निथळत, सचिवांपुढे आले. सचिवांनी तो खिशात घातला आणि निघून गेले. बरोबरच्या दोघांनी आकाशाकडे बघितलं, पण बातमी गावभर व्हायची ती झालीच.

त्या दिवसापासून सचिव सलूनमध्ये यायचे बंद झाले. भावोजींच्या जिव्हारी लागलं ते हे. रोज दार वाजलं की मान वर करून बघायचे. मग एक दिवस सचिवांचा फोन आला, अगदी कार्यालयीन आवाजात. लोकांच्या सुरक्षेसाठी मंडळाने ठरवलं आहे की भावोजींनी फेकीची परीक्षा द्यावी. मंडळाच्या कार्यालयामागच्या गवतावर अंतराअंतरावर रिंगा ठेवतील, गळाऐवजी लोकरीचा झुपका असेल, तो रिंगेत पडायला हवा. शिवाय मागे छातीच्या उंचीला फीत बांधतील, मागे जाणारी दोरी फितीच्या वरून जायला हवी. नापास झाल्यास वळणावरची जागा रांगेत पुढे असलेल्या घराला मिळेल. रांग केवढी आहे ते मला ठाऊक होतं. एकदा गेलेली जागा या जन्मी परत मिळणार नव्हती.

"बरोबर आहे त्यांचं," भावोजी म्हणाले. "टोप होता म्हणून बरं. डोळा असता तर?" मग त्यांनी फोनकडे पाठ केली, आणि हवेतली कात्री नेहमीपेक्षा जोरात चालू झाली.

सराव सुरू झाला. सलूनच्या मागे मोकळं अंगण आहे, तिथे कपडे वाळत घालायची दोरी छातीएवढ्या उंचीला बांधली, आणि समोर रिंगेऐवजी दुकानाचा टॉवेल पसरला. भावोजी कोपर अंगाला चिकटून राहावं म्हणून काखेत दुसरा टॉवेल धरायचे. अंगठा मुठीच्या वरच्या बाजूला, मनगट सरळ, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ताई पायरीवर बसून सांगायची, "थांबा." दोरी निम्म्यात असतानाच त्यांचा हात पुढे यायचा. "अहो, थांबा ना." "थांबलो होतो." "कुठे थांबला होतात?" मी त्यांचं मनगट धरून बघितलं. माझ्या मुठीत ते मनगट चिमणी धरल्यासारखं धडधडत होतं. थांबायचं म्हणजे काय हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं, आणि इतकं राबलेल्या हाताला ते आता शिकवणार कोण. लोकरीचा झुपका रोज त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, एकदा माझ्या नाकावर. मी जे बोलले ते इथे सांगत नाही.

एका संध्याकाळी ताई वैतागली. ती सहसा वैतागत नाही. पायरीवरून उठली, त्यांच्या हातातली काठी घेतली आणि म्हणाली, "अहो, एवढंच तर आहे." तिने दोरी मागे उडवली आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं, बट उजेडात धरून बघते तस्सं. दोरी कपड्यांच्या दोरीवरून मागे गेली, लांब होत गेली. मला वाटलं, आता ओढ. तिला तसं वाटलं नाही. मग तिने हात पुढे आणला, आणि एवढ्या ताठ, नकोशा काठीतूनही दोरी सळसळत जाऊन झुपका टॉवेलच्या कडेवर टेकला.

ताई स्वतःच ओशाळली. "वारा पडला होता," भावोजी म्हणाले, काठी घेतली आणि आत झाडू मारायला गेले. झाडू मी मघाशीच मारला होता.

तेव्हा मला त्या निळ्या स्वेटरच्या बाहीचा उलगडा झाला. इतकी वर्षं ती बया दगडावर बसून विणत नव्हतीच. सुया हातात आणि डोळे दोरीवर. दोरी कधी सरळ होते, कधी पुढे आणायला हवी होती, ते बाजूला बसून तिने पाहिलं होतं, आणि वर वाट बघायचा धंदाच तिचा.

दोन दिवस भावोजींनी काठीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ही काठी माझ्या कामाची नाही. दुसरी बघायला जायचंय. दोघी चला बरोबर." आम्ही गेलो. दुकानदाराने "या साहेब" म्हटलं, पण या वेळी भावोजी विरघळले नाहीत. "दोरी ओवून द्या. आणि तुमच्या मागच्या आवारात बघू," ते म्हणाले. मग ताईला म्हणाले, "तू धर. मला लांबून बघायचंय, खांद्यामुळे मला नीट कळत नाही." ताईने धरली. दुकानदाराने ताठ काठी पुढे केली, भावोजींनी मान हलवली. लांब काठी आणली, मान हलवली. मी एका खोक्यावर बसून जांभया देत होते. भावोजी काठीच्या टोकाकडे बघतच नव्हते, ताईच्या मनगटाकडे बघत होते. काठी जरा आखूड, मधोमध मऊ वाकणारी आणली, तेव्हा ते जवळ गेले, ताईची बोटं मुठीभोवती कुठवर येतात ते पाहिलं, रीळ लावून काठी बोटावर तोलून पाहिली, मग दोरी एक नंबर हलकी मागितली. "साहेब, ती हलकी पडेल तुम्हाला," दुकानदार म्हणाला. "पडू दे," भावोजी म्हणाले. आणि चक्क म्हणाले, "उद्या परत येतो." तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच जाऊन काठी घेऊन आले. नंतर बरेच दिवस दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते बारीक पॉलिश कागदाने तिची मूठ घासत बसलेले दिसायचे. अंगणात मात्र सराव जुन्या काळ्या काठीनेच चालायचा. मी म्हटलं, "नवी काय देव्हाऱ्यात ठेवणार आहात?" "ती परीक्षेला," ते म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी मंडळाच्या मागच्या गवतावर सचिव उभे होते. बोडक्या डोक्याने. टक्कल उन्हात चांगलं तेजस्वी दिसत होतं. आम्ही कुठे बघावं ते आम्हाला कळेना. त्यांनीच डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "या वेळी काही न्यायचं नाही तुम्हाला." भावोजी इतके खजील झाले की त्यांना नीट हसताही आलं नाही.

भावोजींनी दोन पिशव्यांपैकी एक उघडली आणि काळी काठी काढली. मी ताईला कोपरखळी मारली. "ही काय काढली?" ताईलाही काही ठाऊक नव्हतं.

पहिल्या फेकीत दोरी मागच्या फितीला अडकली. दुसऱ्या वेळी मागून बरी गेली, पण झुपका पहिल्या रिंगेच्या अलीकडेच पडला. तिसऱ्या वेळी त्यांनी दात-ओठ खाल्ले, मनापासून थांबायचं ठरवलेलं त्यांच्या मानेवरून दिसत होतं, आणि तरी हात पुढे आला. झुपका त्यांच्याच टोपीवर. मला हसू आलं नाही. ताई पदराशी चाळा करत खाली बघत होती, आणि मला वाटलं, गेली जागा.

सचिवांनी चष्मा काढला, पुसला. त्यांनाही बरं वाटत नव्हतं. "तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "काय म्हणू मी?"

"नापास म्हणा," भावोजी म्हणाले. "तेच खरं आहे." त्यांनी दोरी गुंडाळली, काठी पिशवीत घातली. मग म्हणाले, "जागा घराची असते ना?"

"हो. घराचीच."

"मग आमच्या घरातलं दुसरं माणूस उभं राहतंय." आणि त्यांनी दुसरी पिशवी उघडून नवी काठी ताईपुढे धरली.

ताई म्हणाली, "कोण, मी?"

"तू."

"अहो, मी चपला घालून आले आहे. मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"आत्ताही म्हणू शकते."

"म्हण," भावोजी म्हणाले. "पण आधी हातात घेऊन बघ."

ताईने काठी घेतली. मुठीवर बोटं टेकली आणि तिचा चेहरा बदलला. बोटं एकमेकींना जिथे भेटायला हवीत तिथे भेटली होती. "ही तुमच्या हाताला लहान आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्यासाठी कुठे घेतली आहे," भावोजी म्हणाले. "मी घासून अजून बारीक केली. त्या दिवशी अंगणात वारा पडलेला वगैरे काही नव्हता." एवढं बोलताना त्यांचे कान लाल झाले. या माणसाने बायकोची अशी उघड तारीफ माझ्यासमोर कधी केली नव्हती, आणि मंडळाच्या सचिवांसमोर तर नक्कीच नाही. मला एकदम भरून आलं, म्हणून मी ताईवर ओरडले, "पर्स दे इकडे, आणि फेक आता."

तिने पर्स माझ्याकडे दिली, चपला काढल्या आणि गवतावर अनवाणी उभी राहिली. पहिली फेक चुकली, झुपका रिंगेपलीकडे गेला. तिने काठीकडे बघितलं, रंगाच्या नव्या डबीकडे बघते तसं, आणि मान डोलावली. त्यानंतर दोरी प्रत्येक वेळी फितीच्या वरून मागे गेली. प्रत्येक वेळी ताईने मान वळवून ती सरळ होताना बघितली, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं त्यापेक्षा जरा उशिरा हात पुढे आणला. जवळची रिंग झाली, मधली झाली, लांबच्या रिंगेत झुपका असा टेकला की गवताचं पातं हललं नाही.

"पास," सचिव म्हणाले, आणि मग आवाज कार्यालयातून घरात आल्यासारखा मऊ झाला. "येत्या आठवड्यात दाढीला येतो. फक्त दाढीला."

आले, आणि येताना एक पुडकं घेऊन आले. "याचं काय करायचं ते करा," ते म्हणाले. "डोक्याला वारा लागायला लागल्यापासून झोप बरी लागते." पुडक्यात टोप होता. भावोजींनी त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, वस्तरा काढला, आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं त्या एका दाढीत बोलून घेतलं. टोपाची काय माशी झाली म्हणून सांगू. काळीभोर, मऊ, झुबकेदार. नाव अर्थातच सचिव.

मागच्या सुटीला मीही नदीवर गेले, हट्टाने. ताई तळाला जाड लोकरी कापड लावलेले बूट घालून पाण्यात उतरली, म्हणजे शेवाळावरून पाय घसरत नाही. डोळ्यांवर भावोजींनी सक्तीने लावलेला चष्मा. सपाट दगडावर भावोजी बसले होते, मांडीवर तो निळा स्वेटर, जपून ठेवायला दिलेला, विणायला नव्हे. बोटांत दोऱ्याची टोकं कापायची छोटी कात्री, आणि ती हवेत कचकच, कचकच चालू. मी त्यांना विचारलं, "वाईट नाही वाटत, भावोजी? इतक्या वर्षांनी काठावर?"

"सुरुवातीला वाटलं," ते म्हणाले. "मग लक्षात आलं की इथून दोरी दिसते. पाण्यात उभं राहून मला ती कधी दिसलीच नव्हती. फार सुंदर असते गं." मग त्यांनी ताईला हाक मारली, "मनगट."

"गप्प बसा," ताई न वळता म्हणाली. "मासे ऐकतात."

तिने काठी उचलली. दोरी पाण्यातून सुटली, थेंब उडवत मागे आली, आमच्या डोक्यांच्या कितीतरी वरून. भावोजी मान वर करून बघत होते. कचकच थांबली. त्यांची बोटं कात्रीत उघडीच राहिली होती, हलत नव्हती. दोरी ताणून सरळ झाली, ताईने ती पुढे आणली, सचिव पाण्यावर उतरला, आणि मगच कात्री पुन्हा वाजू लागली. मी या माणसाला इतकी वर्षं ओळखते, पण हा हात थांबलेला मी तोवर पाहिला नव्हता.

पुढच्या फेकीला पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या फेकीला मासा लागला, पण त्याचं कौतुक करायला मला सवड नव्हती, मी हाताकडेच बघत होते.

संध्याकाळी चहा करताना मी ताईला ते सांगितलं. म्हटलं, तुझी तर पाठ होती, तुला दिसलं नसणार. ती कप पुसत होती.

"दिसत नाही," ती म्हणाली. "पण मागचा आवाज बंद झाला की मला कळतं."